कुत्रा कोणाचा?

(बी. ए. भाग दोन)

स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून आत जायला धर्मराजाने नकार दिला, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. खंडोबाजवळ कुत्रा असतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज कीर्तनातून भेटतात. ज्या प्राण्याला आपल्या परंपरेने एवढा मान दिला, त्याच्याशी आपले प्रत्यक्ष वागणे कसे आहे, हे मला गेल्या वर्षी एका सरकारी दवाखान्यात कळले. तो प्रसंग सांगितल्याशिवाय माझे म्हणणे नीट मांडता येणार नाही, म्हणून घरची गोष्ट चव्हाट्यावर आणते आहे. वाचकांनी क्षमा करावी.

मोहाचे दिवस होते. पहाटे अंधारातच माय, मी आणि माझा आठ वर्षांचा भाऊ टोपल्या घेऊन मोह वेचायला निघत असू. सर्वांत पुढे शेरू. मोहाची फुले माणसाला हवी असतात तशी अस्वलालाही हवी असतात, आणि झाडाखाली वाकून वेचणाऱ्या बाईला समोरचे अस्वल दिसत नाही. ते शेरूला आधी कळे. पावसाळ्यात बाबा धानाच्या बांधीवर जागलीला जात, तेव्हाही तोच सोबत असे. रानडुकरांचा कळप धुऱ्यावर आला की पहिली हाक त्याची. रात्री तो आमच्याच ओसरीत झोपे आणि आमच्याच घरचा उरलेला भात खाई. त्याला कधी पट्टा नव्हता, साखळी नव्हती, आणि कोणतीही लस टोचलेली नव्हती. कुत्र्यालाही लस असते हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हते.

एके दिवशी दुपारी, काही कारण नसताना, तो भावाच्या पोटरीला चावला. आजीने जखमेवर तिखट भरायला घेतले. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी तिखटाची वाटी बाजूला सारली, साबण मागितला आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायला लावली. मग आम्ही दवाखाना गाठला. तिथे कागद भरताना विचारणा झाली : "कुत्रा पाळीव की मोकाट?"

बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मोकाट होय जी. आमचा नोहोय."

घरात लिहिण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे कागद माझ्या हातात होता. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिले आणि "मोकाट" असे लिहून दिले. मी ते लिहिले, हे इथे मुद्दाम नमूद करते. कारण या लेखात मी पुढे जो दोष दाखवणार आहे, त्यात माझा वाटा आहे.

बाबा खोटे का बोलले, हे मला नंतर उमगले. कुत्रा आपला म्हटले तर दंड होईल, कोणी पोलिसांत नेईल, उद्या गावात आणखी कोणाला तो चावला असल्याचे निघाले तर खर्च आपल्या माथी येईल, ही भीती. ती अगदीच निराधार नाही. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून दुसऱ्याच्या जीविताला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बाबांना कलम माहीत नव्हते; कायद्याचा धाक मात्र माहीत होता.

डॉक्टरांनी सांगितले की चावलेला कुत्रा डोळ्यांसमोर असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. तो तितके दिवस धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजता येते. माणसाचे उपचार मात्र त्यासाठी थांबवायचे नसतात; ते त्याच दिवशी सुरू करायचे. पण "मोकाट" कुत्र्यावर लक्ष कोण ठेवणार? आम्ही परत येईपर्यंत गावातील माणसांनी काठ्या घेऊन शेरूला संपवले होते. कोणी आडवे आले नाही. आडवे येणार कोण? तो कोणाचाच नव्हता ना! त्याला रोग झाला होता, की उन्हाने आणि भुकेने तो चिडला होता, हे आम्हाला कधीच कळले नाही. भावाला चार खेपांत सुया टोचल्या गेल्या. पहिल्या दिवशी जखमेत टोचायच्या सीरमसाठी मोठ्या दवाखान्यात जावे लागले. दरवेळी बाबांची मजुरी बुडाली आणि बसभाडे गेले. भाऊ आज सुखरूप आहे आणि शाळेत जातो आहे, हे आमचे नशीब.

या रोगाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण सुशिक्षितांतही त्याबद्दल गैरसमज आहेत. रेबीजचा विषाणू बाधित जनावराच्या लाळेतून चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवरील चाटणे यांद्वारे शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. तेवढ्याच अवधीत माणसाला वाचवता येते. एकदा पाण्याची भीती, म्हणजे जुन्या ग्रंथकारांच्या शब्दांत जलसंत्रास, सुरू झाला की जगातील कोणतेही रुग्णालय जवळजवळ काहीच करू शकत नाही. उलट वेळेवर जखम धुतली, लस आणि गरजेनुसार सीरम घेतले, तर मृत्यू टळतो. मरण इतके निश्चित आणि तरीही इतके टाळण्याजोगे असलेला दुसरा रोग सापडणे कठीण.

लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. आपल्या देशात १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली आणि जवळजवळ शतकभर देशातील गोरगरिबांनी तीच पोटात टोचून घेतली. २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आज लस दंडावर दिली जाते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. तरी आमच्या आजीच्या मनात अजून "पोटात चौदा सुया" याच आहेत. त्या भीतीपोटी कितीतरी माणसे दवाखान्याऐवजी वैदूकडे आणि मांत्रिकाकडे जातात. विज्ञान पुढे गेले, पण त्याची खबर आमच्या गावापर्यंत पोचली नाही, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

जागतिक आरोग्य संघटना भारतात दरवर्षी रेबीजने सुमारे वीस हजार माणसे दगावतात असे सांगत आली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीत हा अंदाज ५,७२६ इतका खाली आला. दोन आकड्यांत मोठे अंतर आहे, पण लहान आकडा खरा मानला तरी दिवसाला पंधरा माणसे होतात. संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांमध्ये जगात दहापैकी चार जण पंधरा वर्षांखालील असतात. म्हणजे माझ्या भावासारखीच पोरे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कुत्रा पाळणाऱ्यावर लसीकरणाची सक्ती असावी की नसावी? माझे उत्तर स्पष्ट आहे : असावी. पण ती शहरातून उचलून जशीच्या तशी आमच्या जंगलात आणून ठेवली, तर तिचा उपयोग होणार नाही, उलट अपायच होईल.

शहरातील नियम असा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कुत्र्यांवर कर बसवण्याची तरतूद आहे. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी तर सरळ दोन कप्पे केले आहेत : पाळीव जनावराच्या लसीची जबाबदारी मालकाची, रस्त्यावरच्या जनावराची स्थानिक संस्थेची. सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली भटक्या कुत्र्यांवरून जो वाद गाजला, तोही मुख्यतः रस्त्यावरच्या कुत्र्यांचा. ऑगस्टमध्ये आधी दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. मग त्यात बदल होऊन, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लसीकरण करून पुन्हा जागच्या जागी सोडण्याचे ठरले. वर्तमानपत्रांतून श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे असे दोन तट पडले.

मी तो वाद वाचत होते आणि मनात म्हणत होते, यात आमचा शेरू कुठे बसतो? तो घरातला होता, पण बांधलेला नव्हता. तो रस्त्यावर हिंडे, पण बेवारस नव्हता. मूल, सिंदेवाहीपासून धानोरा, एटापल्लीपर्यंतच्या गावांत बहुतेक कुत्री याच जातीची आहेत. राखण करताना ती आमची असतात आणि चावली की गावची होतात. कायद्याच्या दोन कप्प्यांमध्ये जी फट आहे, त्या फटीत आमची सगळी कुत्री राहतात. आणि रेबीजही तिथेच राहतो.

अशा ठिकाणी परवाना, शुल्क आणि दंड घेऊन कोणी आले, तर काय होईल? सांगायला ज्योतिषी नको. त्या दिवशी बाबांनी जे केले, तेच अख्खे गाव करील. एका रात्रीत गावातील सर्व कुत्री "मोकाट" होतील. ज्या नियमाने माणूस आपल्या कुत्र्याला नाकारतो, तो नियम कागदावर कितीही कडक असला तरी रोगाच्याच फायद्याचा आहे.

मालकी इतकी महत्त्वाची का, असे कोणी विचारील. त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. लस टोचायची तर कुत्रा धरावा लागतो. मोकाट कुत्र्यासाठी जाळे, गाडी आणि तरबेज माणसे लागतात. शेरूला धरायला माझ्या भावाची एक हाक पुरेशी होती. ज्या कुत्र्याला कोणीतरी आपले म्हणते, त्याला लस टोचणे सर्वांत स्वस्त. म्हणून मालकी ही दंड वसूल करण्यासाठी शोधायची गोष्ट नाही. सोय म्हणून ती लोकांनी आपण होऊन सांगावी, अशी परिस्थिती निर्माण केली पाहिजे.

हे होऊ शकते का? होऊ शकते. आपल्या शेजारच्या गोव्याचेच उदाहरण घ्या. तिथे २०१३ ते २०१९ या काळात पद्धतशीर मोहीम राबवली गेली. वर्षाला पंचाण्णव हजारांहून अधिक कुत्र्यांना, म्हणजे सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली गेली आणि दीड लाख मुलांना शाळांतून माहिती दिली गेली. परिणामी कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे रेबीजने मरणे थांबले. सत्तर टक्के हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दहापैकी सात कुत्री सुरक्षित झाली की रोगाला पुढचे घर सापडत नाही. जपानने १९५० साली कायदा करून कुत्र्याची नोंदणी आणि लस सक्तीची केली, आणि १९५७ नंतर त्या देशात कुत्र्यांचा रेबीज उरला नाही. सात वर्षे! म्हणजे सक्ती चालते. मात्र सक्तीच्या सोबत लसही दारात यावी लागते.

आमच्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती शहरांना नाही. आमच्या गावांच्या मागे जंगल आहे. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या लगत अंधारी अभयारण्य आहे. ढोरकी गुरे घेऊन जंगलात जातो तेव्हा कुत्री सोबत जातात. तेंदूपत्त्याच्या हंगामात जातात, सरपणाला जातात. बिबट गावाच्या कडेला येतो, तो बहुतेकदा कुत्र्यासाठीच. रानकुत्री आणि कोल्हे ही तर कुत्र्याचीच भावंडे. गावातील कुत्र्याचा रोग त्यांना होतो, आणि पिसाळलेला कोल्हा गावात शिरला तर तो पुन्हा माणसाकडे येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३३-अ मध्ये अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतील पशुधनाला सांसर्गिक रोगांची लस देण्याची तरतूद आहे. तरतूद उत्तम आहे. पण त्याच कायद्यातील पशुधनाची व्याख्या वाचली, तर तीत गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, गाढव, उंट, याक, इतकेच काय बदकसुद्धा आहे; कुत्र्याचे नाव नाही! आमच्या जंगलात याक कोणी पाहिला नाही. कुत्रा मात्र रोज जंगलात जातो.

टीका करून थांबणे हे विद्यार्थ्याला शोभत नाही, म्हणून मला सुचते ते मांडते.

पहिली गोष्ट, सक्ती कुत्र्याच्या मालकावर आणण्याआधी लस आणण्याची सक्ती शासनावर असावी. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात रेबीजचा समावेश आहे, आणि त्या कायद्याने राज्य सरकार एखादा भाग नियंत्रित क्षेत्र जाहीर करून तिथे लसीकरण सक्तीचे करू शकते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे असे क्षेत्र म्हणून जाहीर व्हावेत. जनावरांच्या लसीसाठी पथक गावात येते, त्याच दिवशी त्याच पेटीत कुत्र्यांची लस यावी. लस दोन ते आठ अंशांत थंड ठेवावी लागते आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. तेव्हा हे काम पावसाळ्याआधी उरकले पाहिजे.

दुसरी गोष्ट, शुल्क नको आणि पहिली काही वर्षे दंडही नको. जो कुत्रा घेऊन येईल त्याला प्रमाणपत्र द्यावे आणि कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टी बांधावी. ज्याच्या गळ्यात पट्टी आहे त्याला कोणी काठीने मारायचे नाही, असा गावाने ठराव करावा. मग बघा, लोक आपले कुत्रे लपवतात की पुढे आणतात!

तिसरी गोष्ट, हा नियम ग्रामसभेने करावा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या बळावर २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, हे आपल्याला अभिमानाने सांगितले जाते. बांबू आणि तेंदूपत्त्याचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रामसभांना गावातील कुत्र्यांची यादी ठेवणे जड जाणार नाही. वरून आलेला हुकूम लोक चुकवतात. आपणच बसून केलेला नियम चुकवताना शेजाऱ्याची लाज वाटते.

चौथी गोष्ट आपल्यासाठी. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात सात दिवस असते. आपण रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, निरोपाला गटफोटो काढतो. त्यांपैकी एक दिवस घरोघर जाऊन कुत्री मोजायला काय हरकत आहे? ज्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहायला पंचक्रोशी लोटते, तिथे तिखटाऐवजी साबण आणि मांत्रिकाऐवजी दवाखाना एवढे दोन निरोप पोचवणे अवघड नसावे. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयात नुसते व्याख्यान ठेवण्याऐवजी जवळच्या गावात पशुवैद्यकांना बोलवावे, अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याच एका मैत्रिणीने घेतला. ती म्हणाली, "ज्या गावात माणसांना वेळेवर औषध मिळत नाही, तिथे कुत्र्यांच्या सुया कसल्या मागतेस?" आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो हिशेबात टिकत नाही. कुत्र्याला पिल्लू असताना सुरुवातीची लस आणि पुढे वर्षाला एक सुई लागते. माझ्या एकट्या भावासाठी चार खेपा, सीरम, बुडालेली मजुरी आणि महिनाभर मायच्या डोळ्याला न लागलेला डोळा, एवढे लागले. कुत्र्याची लस ही कुत्र्यावरची दया नव्हे; ती माणसाचेच औषध आहे, फक्त ते आधी घ्यायचे आहे. आणि ते श्रीमंताला नव्हे, गरिबालाच अधिक लागते. बंगल्यातील कुत्रा पट्ट्यात असतो; आमचा ओसरीत, पोरांच्या अंथरुणाशेजारी झोपतो.

केंद्र सरकारने २०२१ साली कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज देशातून घालवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०३० फार लांब नाही. दिल्लीत ठरलेले उद्दिष्ट आमच्या ओसरीपर्यंत यायचे, तर मधली वाट कोणीतरी चालली पाहिजे. ती वाट आपल्यासारख्यांनी नाही चालायची तर कोणी? आपण गावातूनच येतो, आपल्याला कागद वाचता येतो, आणि गावात आपले थोडेफार ऐकलेही जाते.

दिवाळीनंतर आमच्या घरी एक काळे पिल्लू आले. तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला पिशवीत घालून मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. बसमध्ये लोक हसले. टोचून झाल्यावर डॉक्टरांनी कार्ड पुढे केले आणि विचारले, "मालकाचे नाव?" मी बाबांचे नाव सांगितले. घरी आल्यावर कार्ड बाबांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कार्ड घेतले आणि रेशनकार्ड ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत नीट ठेवून दिले.